फाशावर सात नसतात

"सहा पडले! गुणा, गुणा!"

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बोटं मोबाइलवर धावली आणि "अगं बाई!" असा एकच गलका झाला. फळ्यावर आकडा होता १४२८५७. दोनानं गुणलं तर २८५७१४, सहानं गुणलं तर ८५७१४२. तेच अंक, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात वेगळी.

"मोडत नाही, संपत नाही!" फासेबाबा गरजले. "हा अमर आकडा रोज जपा, किडनी काय, काळीजसुद्धा नवं होईल. सुया कशाला टोचून घेता? फासा टाका, खात्री करा!"

काय ती ऐट! सहा महिन्यांपूर्वी हेच बाबा विमा एजंट होते आणि आमच्या डायलिसिस वॉर्डात भावाच्या उशाशी जांभया देत बसायचे. मी तिथला टेक्निशियन. चार तास खाटेवर पडून पेशंटनं करायचं काय? म्हणून त्यांच्या करमणुकीला हा आकडा आणि फासा मीच काढायचो. हो, मीच! बाबांनी त्याचं दुकान थाटल्याचं कळलं तेव्हा मी खो-खो हसलो, मित्रांना रंगवून सांगितलं आणि गप्प बसलो. त्याची आज लाज वाटते.

पहिल्या रांगेत माझी सख्खी मावशी बसली होती, आमच्याच वॉर्डातली पेशंट. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकवलेल्या, पाय सुजून टम्म, बोलताना धाप. तिसरी चुकली असती तर ती हाती लागली नसती.

"मावशी, ऊठ. गाडी उभी आहे."

"आकडा तूच दाखवलास ना रे? मग खोटा कसा?"

मी सरळ फळ्यापाशी गेलो.

"बाबा, सातानं गुणा की."

"फाशावर सात असतात का, शहाण्या?"

"नसतात, म्हणूनच तर फासा!"

लोकांनी गुणलं. ९९९९९९. मग आठानं. ११४२८५६. बाबा घाम पुसू लागले.

मी खडूनं एकाला सातानं भागून दाखवलं. "बाकी एक ते सहाच उरू शकते. सहाही येऊन गेल्या की पुन्हा पहिली. म्हणून दशांशचिन्हापुढे हे सहा अंक फेर धरतात. दोनाला सातानं भागा, तिनाला भागा, तोच फेर दुसऱ्या अंकापासून सुरू होतो. झालं! यात किडनी कुठे आली?"

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मावशीनं विचारलं.

"तू तोंडात बोटं घालायचीस. मला बरं वाटायचं."

ती उठली आणि गाडीत बसली. वॉर्डात मी सुई उचलली, तर तिनं हात मागे घेतला.

"तू नको. सिस्टरला बोलाव."

सिस्टरनं मशीन सुरू केलं. मावशी वाचली, पण मला अजून हात लावू देत नाही. बरोबरच आहे. म्हणून हात जोडून सांगतो: कुणी नवल दाखवलं तर आधी कारण विचारा. आणि दाखवणारे तुम्हीच असाल, तर कारण सांगितल्याशिवाय जागचे उठू नका.