परतीपुरतं चार्जिंग

"बाबा, किती झाली हो?" लेकीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"चाळीस टक्के," मी म्हणालो. परत जायला सत्तर तरी लागणार होते. हॉलच्या कोपऱ्यात माझ्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली आणि तिच्याशेजारी खुर्चीत मी.

जुनी बॅटरी होती तोवर एका चार्जमध्ये जाऊन-येऊन व्हायचं. अर्धा तास बसून मी उठलो की लेक हात धरायची. "लगेच काय निघालात? थांबा ना जरा!" मी आपला भाव खाऊन निघायचो, आणि मग आठवडाभर रिकाम्या घरात ते "थांबा ना" आठवत बसायचो.

ती बॅटरी मेली. दुकानदार म्हणाला, "काका, ही नवी घ्या. हिच्यात लिथियम नाहीच, सोडियमवर चालते. स्वस्त पडते, थंडीत कुरकुरत नाही. फक्त अंगानं जड आणि पल्ला कमी." आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले, एक मिळालं की दुसरं सोडावं लागतं, एवढं मला कळतं. पण खरं सांगतो, कमी पल्ला ऐकून मनातून गुदगुल्याच झाल्या. आता लेकीकडे थांबावंच लागणार होतं!

पहिला तास झकास गेला. दुसऱ्या तासाला लेक फोनवर आणि नात कानाला हेडफोन लावून. मग आतून जावयाचा दबका आवाज आला.

"सात वाजता मंडळी येतायत. हे कोपऱ्यात असेच बसणार का?"

"मग काय हाकलू त्यांना?" लेक म्हणाली. "मलाही कळतंय रे. पण सांगू कसं?"

जावयाचं काही वाटलं नाही. तिचं ते "मलाही कळतंय" मात्र फार लागलं.

मी वायर काढली. "झाली गं! निघतो."

"झाली? फुल्ल?" तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. "थांबा ना जरा," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच माझे बूट दाराशी सरकवले.

घराअलीकडच्या चढावर स्कूटर बंद पडली. ढकलायला लागल्यावर जड म्हणजे काय ते कळलं. निम्म्यात फोन वाजला. पलीकडे मंडळींचा हसण्याखिदळण्याचा आवाज होता.

"बाबा, पोचलात ना नीट?"

"केव्हाच," मी धाप आवरत म्हणालो. "आडवासुद्धा झालो."

"बरं झालं. पुढच्या वेळी निवांत थांबा हं."

"बघू," म्हणालो. फोन खिशात टाकला आणि पुन्हा हँडल धरलं. अजून अर्धा चढ बाकी होता.