शेळीच्या बदल्यात कोनफळं

कुमासीच्या बाजारात कोनफळं विकणाऱ्या दीडशे बायकांची राणी म्हणजे अंपोफोवा. तिच्या शब्दाबाहेर तिथं टोपली हलत नाही. आक्राहून आलेला द्वुमा नावाचा पुस्तकवाला तिच्यापुढं अवघडून बसला होता. हातात एक चित्र. त्यात पानं नेसलेली दोन माणसं. एकाकडं शेळी, दुसऱ्याकडं कोनफळं.

"पाचवीच्या पुस्तकात जायचंय, राणीबाई. पैसा नव्हता तेव्हा लोक असा व्यवहार करायचे, असं जुने पंडित म्हणतात."

"पंडितांनी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग माझ्या पणजीला पानं कुणी नेसवली? ती कवड्या मोजून घ्यायची, सोन्याची पूड काट्यावर तोलायची. माझी नात पाचवीत आहे. तिनं चारचौघींत हे बघायचं?"

"उद्या छपाई आहे. दुसरं चित्र नाही मिळालं तर हेच जाईल."

"कॅमेरा काढ," म्हणत राणीबाई उठली.

तिनं कोनफळंवाल्या पोमाच्या हाती चार कोनफळं दिली, शेळ्या विकणाऱ्या मान्साच्या हाती तिच्याच शेळीचं दावं. दोघी ठेवणीतलं नेसून उभ्या राहिल्या. द्वुमा म्हणाला, "पोमाताई, उजव्या हातानं तोंड झाकतंय. डाव्यानं द्या."

शहरात राहून माणसाची अक्कल जाते ती अशी. पोमानं डावा हात पुढं केला आणि मान्सानं शेळी मागं ओढली.

"डाव्या हातानं? मी काय दारात आलेली भिकारीण?"

"शेळी बघ तुझी. तिला डावासुद्धा जास्तच."

"अहो, हे खोटं खोटं आहे," द्वुमा कळवळला.

"शेळी खोटी आहे का?" मान्सानं विचारलं.

झालं. खटला राणीबाईपुढं आला, साक्षीला चाळीस बायका. पोमानं माफी मागितली, रीतीप्रमाणं दारूची बाटली ठेवली. तर मान्सा म्हणाली, झाल्या अपमानावर आता चार कोनफळांत शेळी मिळायची नाही, नऊ लागतील. पोमा सहावर अडली. ऊन उतरलं तरी शेळी मान्साकडंच.

"सगळ्या फोटोंत भांडणच आलंय," द्वुमा रडकुंडीला आला.

"मग भांडण छाप. खाली लिही, एका शेळीला दिवस पुरला नाही; आमच्या पणज्या असला खुळेपणा करत नव्हत्या."

"पण पंडित..."

"त्यांना पाठव इकडं. शेळी अजून जायचीच आहे."

पुस्तक आलं. नातीनं पान उघडून दिलं. मधोमध राणीबाई, पुढ्यात शेळी, भोवती चाळीस बायका, सगळ्या नेसल्यासवरलेल्या. राणीबाईनं पान लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि द्वुमाला निरोप धाडला: पुढच्या खेपेला शेळी माझ्याहून लहान काढ.