जॅक थोरल्याचा, हँडल धाकट्याचं

"पहारीनं जॅक फिरवू नका," असं थोरलीनं नवऱ्याला दोनदा सांगितलं, म्हणून त्यानं पहारच घेतली.

बटाट्यांनी भरलेल्या ट्रॉलीचं डावं चाक शेताकडेच्या चरात रुतलं होतं. पावसानं माती अशी झाली होती की पाय ठेवला की सोडत नाही, भाऊबंदांसारखी. नवऱ्यानं जॅक तसाच चिखलावर टेकवला, खाली फळीचा तुकडासुद्धा नाही. मग ट्रॉलीखाली आडवा झाला आणि पहारीचं टोक जॅकच्या चौकोनी भोकात खुपसून जोर लावला. पहार सटकली, जॅक कलला आणि ट्रॉलीचा आस त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला. चिखल मऊ, म्हणून हाडाचा लगेच भुगा झाला नाही. आणि चिखल मऊ म्हणूनच पाय हळूहळू खाली चालला होता, त्याच्या मागोमाग आस.

पहारीची पाळी यायचं कारण असं, की सासरा गेल्यावर दोघा भावांनी सगळं निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. जॅक एकच निघाला. मध्यस्थांनी डोकं चालवलं: जॅक थोरल्याला, त्याचं हँडल धाकट्याला. कोणावर अन्याय नको. दोघंही समाधानानं घरी गेले. तेव्हापासून जॅक एकाच्या गोठ्यात गंजत होता आणि दुसऱ्याच्या अंगणात हँडलला कुत्रं बांधलेलं असायचं.

हाकेसरशी शेजारी जमले. मदतीला कमी, बघायला जास्त. गिरणीवाल्यानं आपला बाटलीचा जॅक आणला. चांगला दणकट, पण उंचीनं आसाखाली शिरेना. मास्तरांनी मोटारीचा आणला. तो बघून गिरणीवाला म्हणाला, "मास्तर, ह्यानं बटाट्याचं एक पोतं उचललं तरी पेढे वाटू."

"ट्रॅक्टरनं ओढा की सरळ," मागून कोणीतरी म्हणालं.

"ओढा," थोरली म्हणाली, "आणि पाय राहू दे तिथंच, उगवेल पुढच्या साली."

"मग माल तरी उतरवा."

"एका अंगानं माल हलला की ट्रॉली कुशीवर येईल त्यांच्या."

खाली शिरेल एवढा बुटका जॅक एकच होता, तो तिथंच चिखलात पडला होता. थोरली पदर खोचून दिराच्या घराकडे पळाली.

दीर ओट्यावर बसून दात कोरत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं काडी बदलली.

"म्हणजे दादाला हँडल पाहिजे."

"भाऊजी, पाय चाललाय त्यांचा."

"त्यानं मागितलंय, की तुम्ही मागताय?"

"मी मागतेय."

"मग तसं. त्यानं मागितलं असतं तर मला पुन्हा अंघोळ करावी लागली असती, मी जागा आहे की स्वप्नात ते बघायला." तो उठला, कुत्रं सोडलं, हँडल उचललं, आपला टेम्पो काढला. त्याला पाझर फुटला असं नाही. सगळा गाव तिथं जमलाय आणि आपण नाही, हे त्याला सोसवेना.

मात्र काम त्याला येत होतं. टेम्पोच्या हौद्यातून त्यानं जाड फळी काढली आणि चिखलावर अंथरली. चांगल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायला लावले. जॅक फळीवर उभा केला, हँडल बसवलं आणि स्वतः बाजूला बसून फिरवू लागला. आस कुरकुरला. जरासा वर आला. थोरल्याच्या तोंडून इतका वेळ अडलेला श्वास बाहेर पडला.

तिथं धाकट्यानं हात थांबवला.

"दादा, शेतातल्या वाटेचं काय करायचं?"

ट्रॉलीखालून उत्तर आलं, "कसली वाट?"

"तुझ्या शेतातून सडकेला जाणारी. जिला तू फाटक घालून कुलूप ठोकलंस. मला अख्ख्या माळाला वळसा पडतो. सगळे ऐकतायत, हो म्हण."

"नाही."

"मग एक आटा उलटा फिरवतो."

"दोन फिरव."

लोक आणखी जवळ सरकले. इतकी करमणूक आयती मिळेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

सासरा म्हणायचा, जॅक म्हणजे जावई. वर चढवतो, पण धरून ठेवत नाही, धरायला आपला टेकूच लागतो. दोघे भाऊ वाटेवर भांडत होते तेवढ्यात थोरली पोटावर सरपटत आत गेली आणि टेम्पोतले लाकडी ठोकळे आसाखाली आडवे-उभे रचू लागली. वरचा ठोकळा बसेना, तो तिनं दगडानं ठोकून बसवला.

"शेवटचं विचारतो," धाकटा म्हणाला.

"शेवटचंच सांगतो. नाही."

धाकट्यानं आटा उलटा फिरवला. मग आणखी एक. जॅक खाली आला, मोकळा झाला आणि फळीवर डुगडुगला. ट्रॉली जागची हलली नाही.

"झालं तुमचं?" ट्रॉलीखालून थोरली म्हणाली. "आता ह्यांना काखेत धरून ओढा."

पाय बाहेर आला. निळाकाळा, गार. चिखलानंच काय तो एकत्र धरला होता.

टेम्पो धाकट्याचा. थोरल्याला मागे हौद्यात आडवा टाकला, थोरली त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली. टेम्पो निघाला आणि फाटकापाशी थांबला. पलीकडे सडक दिसत होती.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

थोरल्यानं खिशावर मूठ आवळली. "आज चाक गेलं की उद्या वहिवाट सांगेल तो. वळसा घे म्हणावं."

"अहो, पाय गार पडलाय."

"वाट माझी आहे."

तिनं बोटं उकलायचा प्रयत्न केला. अर्धमेल्या माणसाच्या मुठीत एवढी ताकद असते हे तिला माहीत नव्हतं. ती ओरडून म्हणाली, "भाऊजी, घाला गाडी, मोडू दे फाटक."

धाकट्यानं खिडकीतून डोकं काढलं. "कसं घालू, वहिनी? मालकाची परवानगी नाही. माझ्या गाडीची काच फुटेल ते वेगळंच."

आणि त्यानं टेम्पो वळवला. माळावरच्या प्रत्येक खड्ड्यात पाय तिच्या मांडीवरून उसळत होता. निम्म्या माळावर थोरला कण्हायचा थांबला. तिला आधी बरं वाटलं, मग भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायाला टाचणी टोचली, तळव्यापासून वर वर टोचत गेल्या. थोरला छताकडे बघत राहिला.

"गुडघ्याच्या वरून काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "जरा आधी आणला असता तर वाचला असता. एवढा उशीर का केलात?"

वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं कधी एकमत झालं नव्हतं. ते तिथं झालं. एक खाटेवरून, एक दारातून, दोघंही एकदमच बोलले.

"रस्ता नव्हता."