तेरा गाई आणि माझ्या पोटातलं विरजण

मी एक जुना फवारणीचा पंप आहे, मित्रांनो. पिवळा, पाठीवर अडकवायचा, डाव्या पट्ट्याला दोन गाठी मारलेला. दांडा खालीवर केला की मी कुरकुरतो. तो माझा स्वभाव आहे, बिघाड नाही.

साच्यातून निघालो आणि थेट एका गोठ्यात आलो. काम एकच. फरशीवर आणि गव्हाणींवर जंतुनाशक मारायचं. नऊ वर्षं मी जंतूंची दाणादाण उडवली. घरातले सासरे, म्हणजे मामंजी, पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "औषध मारावं तर यानंच." मी अगदी फुगून जायचो. त्यांच्या लेखी माझ्या तोंडातून जे बाहेर पडेल ते औषध. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानंच घात केला असता.

गोठा चालवायच्या दोघी जावा. गेल्या वर्षी त्यांनी गाईंच्या खुराकासाठी ओला मका भरडून तसाच खड्ड्यात भरला. उघडला तेव्हा आतून वाफा निघाल्या आणि हिरवी बुरशी दिसली. गाईंनी तोंड फिरवलं. दूध आटलं, अठरांपैकी पाच गाई विकाव्या लागल्या. धाकटी जाऊ रिकाम्या दावणीपाशी बसून रडली, ते मी खुंटीवरून पाहिलं. यंदा पुन्हा मका ओलाच निघाला. गुरांचा व्यापारी येऊन उरलेल्या तेरा गाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेला. जाताना म्हणाला, "खड्डा उघडाल तेव्हा येतोच."

मग थोरलीनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून दोन पुड्या आणल्या. एक वापरायची, एक जास्तीची. त्यांत जिवंत जिवाणू होते. भरडलेल्या मक्यावर ते सगळीकडे सारखे शिंपडायचे, मका दाबून भरायचा आणि वारा लागू न देता झाकायचा. जिवाणू आत आंबटपणा तयार करतात आणि तो आंबटपणा दाणा टिकवतो. शिंपडायला मीच होतो. धाकटीनं मला चार वेळा घासलं, आठ दिवस उन्हात पालथं ठेवलं. जन्मभर जंतू मारले आणि म्हातारपणी त्यांनाच पोटात घेऊन हिंडायचं! मला भारी अपमान वाटला.

भरायच्या दिवशी सगळे घाईत. मामंजी मदतीला धावले. त्यांनी बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं, पुडी फोडली, ढवळलं आणि माझ्या पोटात ओतलं. "औषध गरम पाण्यात लवकर विरघळतं," ते म्हणाले. मी आतून पोळत होतो, पण बोलणार कसा? धाकटीनं मला पाठीवर घेतलं आणि तिला चटका बसला. ती थांबली. सासऱ्यांना चूक दाखवायची कशी, असं तिला झालं असावं. मग हळूच म्हणाली, "मामंजी, एक विचारू? उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल का?"

"कसं लागेल? विरजण मरेल की," मामंजी म्हणाले.

"हेही विरजणच आहे. मक्याचं."

मामंजींनी मला ओतून रिकामं केलं, विहिरीच्या गार पाण्यानं धुतलं आणि उरलेली एकुलती एक पुडी साध्या पाण्यात स्वतः कालवली. त्या दिवशी मी एकदाही कुरकुरलो नाही. थरामागून थर भिजवले, एक कोपरा सुटू दिला नाही. वर कागद अंथरून जुने टायर ठेवले.

दीड महिन्यानं खड्डा उघडला. व्यापारी वेळेवर हजर होता. थोरलीनं कागद उचलला आणि आंबटगोड वास सुटला. बुरशीचा ठिपका नाही. दाणा गार आणि मोकळा. तेराही गाईंनी गव्हाणी चाटून लख्ख केल्या. व्यापाऱ्यानं मूठभर मका हुंगला, "जमलं तुम्हाला," म्हणाला आणि रिकाम्या हातानं गेला. मित्रांनो, मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

आता माझी एकच विनंती आहे. ज्याच्या पोटातून जिवंत काही न्यायचं, त्याला काम झालं की साध्या पाण्यानं धुवा, झाकण उघडं ठेवून वाळवा, आणि त्यात भलतंसलतं भरू नका. आमच्या घरी हे सांगावं लागत नाही. परवा मामंजींनी लाल रंगाचा डबा आणला, चष्मा लावला आणि माझ्या पोटावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'विरजण. औषध घालू नये.'

काल एका पाहुण्यानं विचारलं, "हा औषधाचा पंप का?" मामंजी चक्क रागावले.