किल्ली वरच्या मजल्यावर

टेलिफोनवाल्या बाईंचे पाय लहानपणीच गेले होते, पण आवाज असा की फोनवर तणतणणारा माणूसही नरमायचा. ऑफिसात चाकाच्या खुर्चीतून जाता येईल असं स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून त्या दिवसभर पाण्याला शिवत नसत. शेवटी मूतखडा झाला, डॉक्टर ओरडले, आणि बाईंनी साहेबांचा पिच्छाच पुरवला.

बांधलं एकदाचं. रुंद दार, धरायला दोन्ही बाजूंना दांडे. बाईंनी त्यांवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी दाराला कुलूप.

"बाकीचे घाण करतात हो," साहेब म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे. केव्हाही मागा."

साहेबांची खोली वर, आणि वर जायला फक्त जिना. बाई फोन लावायच्या, शिपाई सवडीने खाली यायचा. "मघाशीच तर जाऊन आलात!" असं सगळ्यांदेखत म्हणायचाही.

एका दुपारी वर पाहुणे आले होते. बाईंनी फोन केला.

"मीटिंग चालू आहे," शिपाई म्हणाला.

परत केला.

"बाई, जरा कळ काढा की!"

त्यानंतर कुणी उचललाच नाही. कळ तरी किती काढणार? व्हायचं ते झालं. साडी भिजली, खुर्चीखाली ओघळ आला. समोरच्या टेबलांवरची माणसं एकाएकी कामात बुडून गेली.

धाकटी बहीण जवळच नोकरीला होती. बाईंचा फोन जाताच ती धावत आली, तिने आपली ओढणी बाईंच्या मांडीवर पसरली. "ताई, मागच्या दाराने जाऊ या. कुणी बघायला नको."

"मागच्या दाराला पायऱ्या आहेत," बाई म्हणाल्या.

पुढच्या दाराशी साहेब पाहुण्यांना तेच स्वच्छतागृह दाखवत उभे होते. "आमच्या बाईंसाठी खास सोय केलीय. विचारा ना त्यांनाच!"

बाईंनी मांडीवरची ओढणी उचलून बहिणीच्या हातात दिली. "हो, विचारा."

पाहुण्यांची नजर भिजलेल्या साडीवर गेली. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

कुलूप निघालं. पण चारचौघांत साहेबांची शोभा केली म्हणून बाईंशी कुणी धड बोलेना. मग एका सकाळी स्वच्छतागृहात मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या. बाईंनी शिपायाला त्या हलवायला सांगितल्या.

"ठेवू कुठे?" तो म्हणाला. "एवढी ऐसपैस जागा दुसरी आहे का इथे?"

बाई स्वतःच एकेक खुर्ची ओढून बाहेर काढू लागल्या. जागचं कुणी उठलं नाही.