अर्धा कोयता

"कोयता कशाला घेतला, मावशी? तिथं समदं मिळतंय," असं म्हणत सर्जेरावाने बेबीनंदाच्या गाठोड्यातला कोयता उपसला आणि बदनापूर स्टेशनाच्या बाकाखाली सरकवून दिला.

गोजरबाई पाहतच राहिली. कितीतरी हंगाम तिने ऊस तोडला होता, पण कोयता टाकून चला म्हणणारा मुकादम तिला आजवर भेटला नव्हता. फडात ऊस काय दातांनी तोडायचा?

नवरा होता तोवर दिवाळी सरली की मुकादम तिच्या दारात उभे राहायचे. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा. नवरा गेला आणि दाराशी कुणी फिरकेना. त्यात बहात्तरचा दुष्काळ. म्हणून मंठ्याकडचा हा सर्जेराव येऊन "तरण्या पोरी द्या, जोडी नको" म्हणाला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पण घरातलं जोंधळ्याचं मडकं पालथं पडलेलं. तिनेच त्या पालीला हाकलून दिलं आणि लेकीला, बेबीनंदाला, धाडायचं कबूल केलं. शेजारच्या भिवाची पोर सत्यशीलाही निघाली. गोजरबाई दोघींना पोचवायला आली होती.

पोरी सर्जेरावाने घेऊन दिलेल्या बांगड्या एकमेकींना दाखवत होत्या. मुकादमाने बांगड्या द्याव्यात, हेही नवलच.

"मुकादम, टोळीत कोयते किती?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"हायेत की पंधरा-वीस पोरी. औरंगाबादला भेटतील."

तिने कोयते विचारले होते, याने पोरी सांगितल्या. गोजरबाईने पुन्हा विचारलं.

"अन् बाप्ये? मोळ्या कोन वाहनार?"

सर्जेराव हसला, पण आवाज खाली आला. "लई इचारून राह्यल्या, मावशी. उगं बोभाटा केला, तर पोरगी कुनासंगं तरी पळून गेल्ती म्हनून मीच गावात सांगंन. मंग कोन पत्करतं तिला बघा."

ओरडावं, तर विश्वास कोण ठेवणार? गरिबाच्या लेकीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं. आणि आपलंच चुकत असलं तर? हातातला घास आपणच मातीत टाकतोय का? तेवढ्यात गाडी आली. "जल्दी, जल्दी," म्हणत सर्जेरावाने सत्यशीलाला चढवलं आणि तो तिच्यामागे आत शिरला. बेबीनंदाने पायरीवर पाय ठेवला, तशी गोजरबाईने तिची वेणी धरून तिला खाली ओढलं.

"माय, काय करून राह्यली?"

"घरला जा. नीट भिवाकडं जाऊन सांग, ह्यो मुकादम न्हाई." मग तिने डब्याच्या दारात उभ्या सत्यशीलाला हाक मारली. "पोरी, उतर खाली."

"घरला येऊन खाऊ काय, काकू?" सत्यशीला म्हणाली आणि आत वळली.

शिट्टी झाली. आपली पोर वाचली, असं गोजरबाईच्या मनात आलं. नाही आलं असं नाही. पण सत्यशीलाची पाठ डब्यात दिसेनाशी झाली आणि गोजरबाईचा हात आपोआप दाराच्या दांड्याकडे गेला. गाडी हलता हलता ती आत चढली.

सत्यशीलाच्या शेजारी बसून तिने पोरीचं मनगट घट्ट धरलं. सर्जेराव समोर येऊन बसला. आता तो हसत नव्हता.

"तिकीट हे का तुझ्याजवळ?"

"न्हाई."

"टीसी पोलिसात देईल. पुढच्या टेसनावर गुमान उतर, न्हाईतर मी ढकलून देईन."

टीसीचा काळा कोट दिसला की आजवर गोजरबाई बाकाखाली दडायची. आज त्याचीच वाट पाहत तिने दाराकडे डोळे लावले.

पुढचं स्टेशन यायच्या आतच डब्याच्या टोकाला काळा कोट दिसला. सर्जेराव पुढे झुकून दात खात पुटपुटला, "तोंड उघडलं तर बघ." गोजरबाई उठली. सत्यशीलाला ओढत, माणसांच्या पायांवर पाय देत ती टीसीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चिरकला, पण साऱ्या डब्याला ऐकू गेला.

"साहेब, माझ्याकडं तिकीट न्हाई. मला पोलिसात द्या. अन् ही पोर माझ्यासंगं हे, हिलाबी माझ्यासंगंच उतरवा."