घेणारा कोण

धाकट्या भावाला समजावून सांगायची भारी हौस, आणि ताईला ऐकून घ्यायची. शाळांचे गणवेश शिवून तिनं त्याला शिकवलं होतं, त्यामुळे तो बोलायला लागला की ती मशीन थांबवायची. घरात सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. बिनपगारी प्रोफेसर, असं तिचा नवरा म्हणायचा, पण आजारी माणसाचं कोण मनावर घेतो?

शेअर म्हणजे कंपनीतला लहानसा वाटा, डिव्हिडंड म्हणजे नफ्यातून वाटेकऱ्यांना मिळणारा हिस्सा, हे तिला चटकन कळलं. ॲव्हरेज करणं त्यानं तिच्याच धंद्यातून समजावलं. एक तागा महाग पडला आणि पुढं तोच माल स्वस्त मिळाला, तर आणखी घ्यायचा. सगळं कापड मिळून सरासरीनं स्वस्तात पडतं. भाव पडला की रडत बसायचं नाही, घ्यायचं. ताईला हे इतकं पटलं की एका रंगाच्या कंपनीचा शेअर पडत गेला आणि ती घेत गेली. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायला ठेवलेले पैसेही तिनं त्यातच घातले. ऑपरेशनला अवकाश होता, आणि सांगणारा पाठचा भाऊ होता.

मग डॉक्टर म्हणाले, आता थांबून चालणार नाही, याच आठवड्यात दाखल करा. ताईनं बाजार उघडताच मोबाइलवर सगळे शेअर विकायला लावले. दिवस संपला तरी विकले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. कंपनीच्या हिशेबात घोटाळा निघाल्याची बातमी सगळीकडे झाली होती. तिनं धाकट्याला बोलावून घेतलं.

तो आला आणि समजावू लागला. याला लोअर सर्किट म्हणतात. एका दिवसात भाव किती पडू द्यायचा याला मर्यादा असते, ती गाठली की त्याखाली सौदा होत नाही. विकणाऱ्यांची रांग लागते, घेणारा फिरकत नाही. उद्या भाव पुन्हा तितकाच उतरेल. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना याची जीभ अशी सुरळीत चाललेली बघून ताईला पहिल्यांदाच त्याचा राग आला. तिनं विचारलं, तुझे किती अडकलेत?

त्याचे अडकले नव्हते. तो मागेच बाहेर पडला होता, ती ॲव्हरेज करत होती त्याच दिवसांत. त्यानं मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उधार घेऊन शेअर घेतले होते. भाव पडू लागताच ब्रोकरनं तगादा लावला. विकून आलेलं सगळं त्यातच गेलं, त्यामुळे आता द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

ताईनं उभा जन्म शिवलेला माल विकण्यात घालवला होता. नुसता माल मांडून भागत नाही, घेणाराही लागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुझे कुणी घेतले?"

"ते कळत नाही, ताई. कॉम्प्युटर जुळवतो."

"कुणीतरी घेतल्याशिवाय गेले नसतील ना?"

"नाही." तो जमिनीकडे बघत होता. "गिऱ्हाईकच नव्हतं त्या शेअरला. म्हणून ओळखीच्या लोकांना घ्यायला सांगितलं. तुला सगळ्यांत शेवटी सांगितलं मी. पण रोख तुझ्याकडेच होती."

म्हणजे त्यानं आपले शेअर तिच्या गळ्यात मारले होते, तेही कापडाचं उदाहरण देऊन. तिला ओरडावंसंही वाटलं नाही.

आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "निघायचं ना? मी कपडे बदलून बसलोय."

ताईनं आतलं दार उघडून धरलं.

"जा," ती धाकट्याला म्हणाली. "तूच सांग त्यांना. नीट समजेल असं सांग."

तो जागचा हलेना. आत नवरा चपला शोधत होता.